केर टाकू नकोस

हुपरीत आमच्या बोळात सकाळी
भांड्यांच्या आधी हातोडीचा आवाज यायचा
आणि आई पाटावर बसून
पैंजणाच्या कड्या एकीत एक अडकवायची.
चिमटा, फुंकणी, टाकणखार, दिवा.
फुंकणी तोंडात असली की तिला बोलता यायचं नाही,
म्हणून तिची वाक्यं छोटी.
दोन फुंकरांच्या मधे मावतील एवढीच.

"ज्योतीकडं बघ, कडी आपोआप दिसती."
"डाग सगळ्यांस्नी लागतोय. जोडायला का मळवायला, ते तुझं तू ठरीव."
"भाव विचारत्यात त्यांना पाणी दे, घेत्यात त्यांना च्या."
"उसन्या वजनानं काटा खोटं बोलतोय."
शेवटच्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
विचारलं तर म्हणाली, "मी म्हटलो हुतो असं? कवा?"

मी म्हटलो. मी जातो. मी येतो.
आमच्याकडं बाया अशाच बोलतात.
पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या रात्री
मी "आंघोळ करून येतो" म्हणाले
आणि अख्खी खोली हसली.
आठ दिवसांत मी "येते" झाले.
आईला फोनवर कळलंच. जरा वेळ गप्प.
मग, "जीभ बदललीस, असू दे. चव बदलू नको."

सगळंच काही शहाणपण नव्हतं.
सोमवारी "लोक काय म्हणतील",
मंगळवारी "लोकांच्या तोंडाला झाकण कुठलं आणू".
रात्री जेवायचं नाही हा घरचा नेम
शीतलदादा अकराला आला की डोळे मिटून घ्यायचा,
ताट झाकलेलं असायचं.
मी दिवेलागणीनंतर आले तर उंबऱ्यातच,
"पोरीची सावली लांब व्हायच्या आत पोरगी घरात पायजे."
हे वाक्य मी वीस वर्षं
दातात अडकलेल्या सुपारीसारखं जिभेनं ढोसत राहिले.
परवा ऊर्वीला क्लासहून यायला उशीर झाला.
मी दारात उभी. तोंड उघडलं,
तर ते आत तयारच होतं, धार लावून.
गिळलं.
"जेवलीस का?" एवढंच बाहेर आलं,
तेही तिच्याच आवाजात.

मार्गशीर्षात गेले तेव्हा आईचे हात थरथरत होते.
साखळी आता मशीनवर निघते,
पाट भिंतीला उभा करून ठेवलेला.
मी खोली झाडली, केर दाराकडं लोटला
आणि कॉटवरून आवाज आला,
"केर टाकू नकोस."
"आई, काम बंद होऊन नऊ वर्षं झाली."
"ठावं हाय मला."
कॉटखाली डालड्याचा डबा.
आत धूळ, केस, चिंचोका, माझ्या शाळेच्या झग्याचं बटण.
पूर्वी वर्षातनं एकदा झारेकरी यायचा,
सगळं जाळून, धुऊन, आटवून
आईच्या तळहातावर हरभऱ्याएवढा पांढरा मणी ठेवायचा.
बाळगोंडा नाव त्याचं. तो वारला, पोरगा रिक्षा चालवतो.
"मग ठेवतीस कुणासाठी?"
"ठेवणाऱ्यानं ठेवायचं," ती म्हणाली,
"चाळणारा त्याचं त्यो बघंल."
आणि कुशीवर वळली.
मी सुपडीतला केर डब्यात ओतला. झाकण घट्ट होतं,
गुडघा टेकवून लावावं लागलं.

एसटीला निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी,
काकवीची बाटली, तोंडाला दोनदा बांधलेली,
आणि नेहमीचं, "पोचलीस की सांग."
स्वारगेटला उतरले तेव्हा साडेदहा.
एका रिंगमध्ये तिनं उचलला.
"पोचलो," मी म्हणाले.
पलीकडं लांब श्वास,
फुंकणी तोंडातून काढल्यावर सुटायचा तसा.
"बरं," ती म्हणाली.
"ठेव आता. बिल चढतंय."